बैल कुठे आहेत? बाजारबुणगे, भीमाकाठ आणि टेबलावरची फौज

१/ आजचा धागा लढाईचा आहे; परंतु त्यात तलवारबाज कमी आणि बैल अधिक आहेत. प्रसंग घरातला. दिवाळीच्या सुट्टीत पुतण्याने टेबलावर आपली काल्पनिक सेना मांडली. अग्निपर्वताच्या राज्याचे लांडगेस्वार, पाषाणदेही राक्षस, पंखधारी धनुर्धर आणि एक ड्रॅगन, अशा एकंदर शंभर मिनिएचर प्रतिमा. रंगकाम असे बारीक, की ढालीवरील ओरखडेही दिसावेत.

२/ मी सहज विचारले, "राजे, ही फौज जेवते काय?" त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "काका, यांच्याकडे जादू आहे." उत्तर चतुर होते. पण आपल्याकडच्या कित्येक इतिहासग्रंथांतील फौजाही नेमक्या अशाच जादूवर जगत असतात. पृष्ठ उलटते, लक्ष सेना दोनशे कोस चालून जाते, आणि वाटेत कुणी चूल पेटवल्याचा उल्लेखसुद्धा नसतो.

३/ आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावरही तेच. सिंहासनावर महाराज, बुरुजांवर मावळे, पायथ्याशी तोफ, एखादी गवळण, एखादा वाघ. अळीव पेरून केलेली हिरवळ असते. पण त्या हिरवळीवर चरणारा लमाणाचा बैल नसतो. मातीच्या शिपायांची एवढी जुनी परंपरा असलेल्या प्रांतात फौजेचा निम्म्याहून मोठा भाग आपण कधी मांडलाच नाही.

४/ त्या भागाला मराठीत नाव आहे: बुणगे. फारसीत 'बुनगाह' म्हणजे सामानसुमान आणि ते ठेवण्याची जागा, फौजेचा मागचा तळ. त्यावरून बुणगे, आणि छावणीतील बाजार त्याला जोडून बाजारबुणगे. आज हा शब्द शिवी म्हणून वापरला जातो. अठराव्या शतकात तो फौजेच्या एका अंगाचे नाव होता. शिव्या बसत, हे खरे. पण आधी नाव, मग शिवी.

५/ बुणग्यांत कोण कोण असे? घोड्यामागे मोतद्दार, उंटामागे सारवान, हत्तीमागे माहूत. पाणी वाहणारे पखालजी, नाल ठोकणारे नालबंद, लोहार, सुतार, चांभार. पालखीचे भोई, सरदारांचा शागिर्दपेशा, तंबू उभारणारे फरास. बाजारात वाणी, सराफ, तांबोळी, कलाल. वैद्य आणि जखमा शिवणारे जर्राह. शिपायांच्या बायका-मुले, यात्रेकरू, गोसावी, कलावंतिणी, भिकारी. आणि या सर्वांच्या मागेपुढे धान्याच्या गोण्या वाहणारे बंजाऱ्यांचे तांडे.

६/ आता थोडे गणित करू. हे गणित एकदा मनात बसले, की पुढची प्रत्येक लढाई वेगळी दिसू लागते.

दहा हजार स्वारांची फौज घ्या. प्रत्येक स्वारामागे किमान एक सेवक धरला तर वीस हजार तोंडे. रोजचे माणशी एक किलो धान्य म्हणजे वीस टन. घोड्याला रोज तीन किलो हरभरा धरला तर दहा हजार घोड्यांना तीस टन. एकूण पन्नास टन. पाठीवर गोणी लादलेला बैल साधारण शंभर किलो वाहतो. म्हणजे एका दिवसाच्या खाण्यासाठी पाचशे बैल, आणि दहा दिवसांच्या शिधासामग्रीसाठी पाच हजार.

७/ यात वैरण धरलेलीच नाही. घोड्याला दाण्याखेरीज रोज आठ-दहा किलो चारा लागतो. दहा हजार घोड्यांचा चारा म्हणजे रोजचे शंभर टन, अर्थात आणखी हजार बैल. हे कोणत्याही सेनापतीला शक्य नव्हते. म्हणून चारा बरोबर न्यायचा नसे, भोवतालून कापून आणायचा असे. त्यासाठी जी टोळी रोज बाहेर पडे तिला मराठी कागदांत 'कही' म्हणतात. कही गेली, कही लुटली, कहीस बंदोबस्त दिला, असे उल्लेख वारंवार येतात. वाचताना आपण ते ओलांडून पुढे जातो. वास्तविक युद्ध तिथेच चाललेले असते.

८/ कहीचा एक क्रूर नियम आहे. फौज एका जागी बसली, की पहिल्या दिवशी कोसाभरातले गवत संपते, आठवड्यात दोन-तीन कोसांतले, पंधरवड्यात पाच कोसांतले. दर दिवशी कहीला अधिक दूर जावे लागते आणि तिच्या रक्षणासाठी अधिक स्वार द्यावे लागतात. एक वेळ अशी येते, की वेढा घालणारेच वेढले जातात.

९/ हे कुठे घडले ते पाहण्यासाठी मला कुर्डुवाडीहून फार लांब जावे लागत नाही. पंचवीस-तीस किलोमीटरवर परांड्याचा किल्ला आहे. १६३४ मध्ये शाहजहानचा पुत्र शाह शुजा आणि मातब्बर सेनानी महाबतखान यांनी त्याला वेढा घातला. तोफा होत्या, सुरुंग होते, पैसा होता. पण किल्ल्याभोवतालचा मुलूख उघडा पडलेला. वैरण आणि सरपण कोसच्या कोस लांबून आणावे लागे. विजापूरकरांच्या स्वारांनी तटावरून लढण्यापेक्षा कहीवर तुटून पडणे पसंत केले. कहीला संरक्षण देण्यासाठी खुद्द महाबतखानाला बाहेर पडावे लागले आणि तोही वेढ्यात सापडता सापडता वाचला. सरदारांतील भांडणे आणि तोंडावर आलेला पावसाळा यांनी उरलेले काम केले. वेढा उठला. त्याच वर्षी महाबतखान बऱ्हाणपुरास वारला.

१०/ परांड्याची आणखी एक आठवण याच विषयातली आहे. विजापूरच्या बुरुजावर आज असलेली मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतली गेली आणि पुढे परांड्यास होती. १६३२ मध्ये मुरार जगदेवाने ती विजापुरास नेली. वजन सुमारे पंचावन्न टन. ती ओढण्यासाठी दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे लागली असे सांगतात. तोफ ओतणाऱ्या महंमद बिन हुसेन रूमीचे नाव तिच्यावर कोरलेले आहे. चारशे बैलांना चिखलातून हाकणाऱ्यांची नावे कोरण्याची पद्धत नव्हती.

११/ परांड्याकडून दक्षिणेला वळू. कुर्डुवाडीपासून साठेक किलोमीटरवर, मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठी माचणूर-ब्रह्मपुरी आहे. सिद्धेश्वराचे मंदिर, नदीत उतरणारा घाट आणि शेजारी पडका किल्ला. शाळेची सहल तिथे जाते, डबे उघडले जातात, पोरे घाटावर खेळतात. १६९५ ते १६९९ या काळात हिंदुस्थानचे राज्य या जागेवरून चालत होते. औरंगजेबाने इथे तळ दिला होता आणि ब्रह्मपुरीला इस्लामपुरी हे नाव दिले होते.

१२/ ती छावणी किती मोठी असेल? याच १६९५ साली, तळ ब्रह्मपुरीस येण्याच्या थोडे आधी, कृष्णाकाठच्या गलगले येथे जेमेल्ली करेरी नावाचा इटालियन प्रवासी ती पाहून गेला. त्याने दिलेले आकडे असे: साठ हजार स्वार, एक लाख पायदळ, ओझ्यासाठी पन्नास हजार उंट आणि तीन हजार हत्ती, अडीचशे बाजार, तीस मैलांचा घेर आणि एकंदर पाच लाख माणसे. प्रवाशांचे आकडे फुगीर असतात. निम्मे सोडून दिले तरी एक मोठे शहर उरते. करेरीच्या हिशेबात प्रत्येक लढवय्यामागे न लढणारी दोन माणसे पडतात, हे विशेष.

१३/ या चालत्या शहरात एक मराठी मुलगाही वाढत होता. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा आई येसूबाईंसह कैद झालेले शाहूराजे. सातव्या वर्षी ते या तळात आले आणि १७०७ मध्ये, पंचविशीत, बाहेर पडले. पुढे ज्यांच्या नावे मराठी फौजा चंबळेपार गेल्या, त्या छत्रपतींचे बालपण व तारुण्य तंबू, बाजार, हत्तीखाने आणि कूच-मुक्कामाच्या नौबतीत सरले. शाहूकाळाचा विचार करताना ही गोष्ट आपण फारच क्वचित ध्यानात घेतो.

१४/ १६९९ च्या ऑक्टोबरात मराठ्यांचे गड घेण्यासाठी बादशहा स्वतः निघाला. डोंगरात पाच लाखांचे शहर नेता येत नाही, एवढे त्याला कळत होते. जनाना आणि जादा सामान ब्रह्मपुरीस ठेवून वजीर असदखानाला तिथे नेमले. हाच तो मागचा तळ, 'बुनगाह'. म्हणजे आपला बुणगे हा शब्द ज्या अर्थाने जन्मला, त्या अर्थाची एक प्रचंड छावणी सोलापूर जिल्ह्यात उभी होती.

१५/ तरीही बरोबर गेलेला पसारा लहान नव्हता, आणि सह्याद्रीने त्याची परीक्षा घेतली. १७०२ च्या पावसाळ्यात विशाळगडाहून पन्हाळ्याकडे परतताना सुमारे तीस मैलांच्या वाटेला महिन्याहून अधिक काळ लागला. ओढ्यांना पूर, चिखलात रुतलेले उंट, मेलेले बैल, आणि बंजारे पोहोचू न शकल्याने धान्याचे भाव आकाशाला भिडलेले. त्याआधी, १७०० च्या ऑक्टोबरात, माणगंगेकाठी खवासपूरच्या मुक्कामात रात्री पुराचे पाणी छावणीत शिरले. आरडाओरडा ऐकून मराठे आले असे वाटून बादशहा घाईने उठला, घसरला आणि गुडघा दुखावून घेतला. पुढे तो लंगडतच चालला. माणगंगा एरवी कोरडी असते. आमच्या दुष्काळी मुलखातल्या एका नदीने मोगल बादशहाला लंगडे केले, ही गोष्ट इकडे अजून पुरेशी मिरवली गेलेली नाही.

१६/ मराठ्यांना या पसाऱ्याचे मर्म अचूक कळले होते. संताजी घोरपड्यांची दोड्डेरीची लढाई (नोव्हेंबर १६९५) त्याचा आदर्श नमुना. कासीमखानाकडे खानाजादखान वगैरे मोठे पाहुणे सरदार येणार होते. त्यांच्या सन्मानासाठी त्याने उत्तम डेरे आणि सोन्याचांदीची भांडी काढून पेशखाना, म्हणजे आगाऊ तंबूंचा ताफा, काही मैल पुढे धाडला. संताजींनी फौजेचे तीन भाग केले: एकाने पेशखाना लुटला, दुसऱ्याने मदतीला येणाऱ्यांना गाठले, तिसरा राखीव राहिला. मोगल दोड्डेरीच्या लहानशा गढीत कोंडले गेले, उपाशी पडले. कासीमखान तिथेच मेला आणि उरलेले खंडणी कबूल करून सुटले. मुख्य सैन्याला हात लावण्यापूर्वी संताजींनी त्यांचे तंबू आणि जेवण काढून घेतले होते.

१७/ इथे कुणी म्हणेल, "शिवछत्रपतींच्या फौजेत बुणगे नव्हतेच." सभासद बखर सांगते, की लष्करात बायको, बटीक वा कलावंतीण नेण्यास सक्त मनाई होती आणि आज्ञा मोडणाऱ्यास देहदंड होता. हे खरे. पण घोडी, त्यांचे मोतद्दार, दाणावैरण यांना मनाई नव्हती. असू शकतच नव्हती. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना महाराजांनी धाडलेले पत्र वाचून पाहा. त्यात शौर्याचा शब्द नाही. दाणावैरण पावसाळाभर पुरवून वापरा. ती आधीच उधळलीत तर घोडी मरतील, मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल आणि लोकांना मोगल बरे वाटू लागतील. गवताच्या गंजीला आग लागू नये म्हणून चुली, चिलमा आणि उंदराने पळवलेली जळती वात यांचीही चिंता त्यात आहे. एका राजाने उंदरापर्यंत विचार केला आहे. रसदेचा विचार असाच करायचा असतो.

१८/ सडी फौज म्हणजे बुणगे नसलेली फौज नव्हे. सडी फौज म्हणजे जिचे धान्याचे कोठार मागे गडावर आहे आणि जी आठ महिने बाहेर राहून पावसाळ्यात छावणीस परतते, ती. गड हाच तिचा बुनगाह. ही व्यवस्था स्वराज्याच्या अंतरांवर बसवलेली होती. दिल्लीच्या अंतरावर ती बसत नाही.

१९/ आणि म्हणून पानिपत. ज्या वाक्याने मला हा धागा लिहावयास लावले ते वाक्य तुम्हीही ऐकले असेल: "बाजारबुणग्यांमुळे पानिपत गमावले." यात्रेकरू आणि बायका नेल्या, त्यांना खायला घालता घालता फौज उपाशी मेली, असा सरळ हिशेब. तो तितका सरळ नाही.

२०/ १७६० च्या मार्चमध्ये भाऊसाहेब पडदूर, म्हणजे आजच्या परतूरहून निघाले. बरोबर इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना, सरदारांचे कुटुंबकबिले, भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई, विश्वासरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई, आणि उत्तरेतील तीर्थे करण्यास निघालेले हजारो लोक. यात्रेकरू मूर्ख नव्हते. त्या काळी मथुरा, प्रयाग, काशीची वाट एकट्याने चालणे म्हणजे लुटारूंच्या तोंडी जाणे. फौजेबरोबर जाणे हीच सुरक्षितता. फौज पुढे सुरक्षित राहणार नाही हे त्यांनी कसे ओळखावे? कबिले आणि जड सामान मागे सुरक्षित ठिकाणी ठेवा, असे सुरजमल जाटाने सुचवल्याचे सांगितले जाते. सल्ला मानला गेला नाही.

२१/ परंतु फौज उपाशी कशाने पडली, हा प्रश्न तारखा लावून पाहा. १७ ऑक्टोबर १७६० ला कुंजपुरा घेतला तेव्हा अब्दालीसाठी साठवलेले विपुल धान्य मराठ्यांच्या हाती आले. त्या दिवशीही बुणगे तेवढेच होते, आणि सारे जेवत होते. आठवडाभरातच अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून दिल्ली आणि मराठे यांच्या मध्ये आला. नोव्हेंबरपासून दोन्ही छावण्या समोरासमोर. डिसेंबरात अंतर्वेदीतून अब्दालीची रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली पाराशर दादाजीची तुकडी जानेवारीच्या अंधाऱ्या रात्री वाट चुकून अफगाण छावणीतच शिरली. वाट तुटली. वाट तुटल्यावर निव्वळ लढवय्ये असते, तरी आणखी काही आठवडेच टिकले असते. कारण घोड्यांचा चारा बुणगे खात नव्हते.

२२/ उलट त्या अडीच महिन्यांत छावणीसाठी गवतकाडी आणत कोण होते? हेच बुणगे. एका रात्री वैरण-सरपणासाठी बाहेर पडलेला त्यांचा मोठा जमाव अफगाण गस्तीच्या हाती सापडला आणि कापला गेला. मृतांचा आकडा वीस हजार सांगितला जातो. तो फुगवलेला असेल. पण त्यानंतर रात्री कहीला जाण्यास माणूस मिळेना, आणि घोडी उभ्या उभ्या वाळू लागली. ज्यांनी फौज खाल्ली म्हणून आपण बोट दाखवतो, ते फौजेसाठी गवत कापताना मेले.

२३/ याचा अर्थ पसारा नडला नाही असा नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी 'गोल' बांधून, कबिले-बुणगे पोटात घेऊन, लढत लढत दिल्लीच्या रोखाने बाहेर पडायचे ठरले ते याच पसाऱ्यामुळे. गोलाची लढाई कवायती शिस्तीवर चालते. आपले बहुतेक सरदार धावत्या घोड्याच्या युद्धात वाढलेले. विंचूरकर आणि गायकवाड गारद्यांच्या पुढे धावले आणि गोलाला भगदाड पडले. मला वाटते दोष द्यायचाच तर माणसे बरोबर होती याला न देता, माणसे बरोबर असताना दिल्लीची वाट मोकळी सोडली याला द्यावा. दुमत असू शकते. प्रत्युत्तरात तारखांसह मांडावे, मी वाचेन.

२४/ त्या गोलाच्या पोटात अठरा वर्षांचा एक तरुण होता. बाळाजी जनार्दन भानू. आपण त्याला नाना फडणवीस म्हणून ओळखतो. बरोबर आई आणि पत्नी. लढाई फसल्यावर तो वेषांतर करून, पायी, उपाशी, जीव वाचवून निघाला. पत्नी पुढे सुखरूप भेटली. आई भेटली नाही. हे सारे त्याने स्वतःच्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. आपल्या राजकारणातील सर्वांत थंड डोक्याच्या माणसाची आई बाजारबुणग्यांत हरवली होती, हे ठाऊक झाल्यापासून मला तो शब्द शिवीसारखा उच्चारता येत नाही.

२५/ चौतीस वर्षांनी हाच नाना निजामाविरुद्ध सारे मराठे सरदार एकत्र आणतो. ठिकाण खर्डा, कुर्डुवाडीच्या उत्तरेला साठेक किलोमीटर. ११ मार्च १७९५. या वेळी जनाना घेऊन आलेला पक्ष समोरचा होता. दिवसाची लढाई निर्णायक झालेली नव्हती. पण तोफांच्या आवाजाने जनान्यात हाहाकार उडाला आणि निजामअलीने फौज मागे घेण्यास सुरुवात केली. रात्री ओढ्यावर घोड्यांना पाणी पाजण्यास गेलेल्या मराठी टोळीची आणि मोगल तुकडीची गाठ पडली, बंदुका वाजल्या, आणि अंधारात निजामाची फौज सामान टाकून पांगली. स्वतः निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला. किल्ला लहान, पाणी अपुरे, बाहेर मराठे. दोन दिवसांत तह. दौलताबादसह मुलूख, कोट्यवधींची खंडणी आणि दिवाण मुशीरुल्मुल्क ओलीस. सकाळी मैदानात टाकलेले सामान लुटण्यास आपले पेंढारी सर्वांआधी पोहोचले होते, हे सांगायला नकोच.

२६/ बंजाऱ्यांविषयी स्वतंत्र धागा लिहीन, इथे थोडेच. १६३२ मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला धान्य लादलेल्या चौदा हजार बैलांचा एकच तांडा भेटला होता. वरचे गणित लावा: चौदाशे टन, म्हणजे आपल्या दहा हजार स्वारांच्या फौजेचा जवळजवळ महिन्याचा शिधा. तांडे दोन्ही पक्षांना धान्य विकत, आणि सूज्ञ सेनापती त्यांना लुटत नसत. एकदा लुटले तर पुन्हा कुणी येत नसे. १८०३ मध्ये वेलस्ली याच मुलखातून फिरताना तोफांइतकीच बैलांची आणि बंजाऱ्यांची काळजी करीत होता. असईच्या दिवशी सामान नळणीस पहाऱ्यात ठेवून तो सडा पुढे गेला.

२७/ १८६० मध्ये लोहमार्ग सोलापुरापर्यंत पोहोचला आणि बैलांच्या वाहतुकीचे दिवस भरले. आमचे स्टेशन तेव्हा 'बार्शी रोड' म्हणून ओळखले जाई. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉपने इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार नाही, असे तिचे सूत्र. पाच टन म्हणजे पन्नास बैल. एका आसावर पन्नास बैल! ज्या रुळांनी माझे गाव वसवले त्यांनीच तांडे मोडले. आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, कालपर्यंत फौजा पोसणाऱ्या या लोकांवर पुढे ठिकठिकाणी गुन्हेगारीचा शिक्का बसला.

२८/ आता टेबलाकडे. तुमची सेना काल्पनिक असली तरी गणित काल्पनिक नको. एक प्रतिमा म्हणजे शंभर माणसे धरा. शंभर स्वारप्रतिमा म्हणजे दहा हजार फौज. दहा दिवसांच्या शिध्याला पाच हजार बैल, म्हणजे टेबलावर पन्नास. बैलांना हाकणारे दहा. पखालजी, नालबंद, वाणी, बायका-मुले मिळून आणखी तीसचाळीस. घाबरू नका, हे सर्व उत्तम रंगवायची गरज नाही. बेंदराच्या बाजारात मातीचे लहान बैल मिळतात. आकार थोडा जुळला नाही तरी चालतो, खिलार आणि गावरान बैल कुठे एका मापाचे असतात? चिंधीच्या पुरचुंडीत मोहरी भरून दोऱ्याने बांधली की गोणी होते, आणि ती बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबू द्यावी. जुन्या धोतराचा तुकडा चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला, की पालाचे कापड तयार.

२९/ छावणी मांडताना मराठी पद्धत पाळा. कूच होताना बिनीवाले पुढे जात आणि जागा निवडून निशाण रोवत. त्यावरून सरदाराचे डेरे कुठे, बाजार कुठे, हे मागून येणाऱ्यांना कळे. म्हणून निशाण आधी, तंबू मागून. पाण्याचा वरचा भाग माणसांना, खालचा जनावरांना. बाजार मधोमध, दारूगोळा चुलींपासून लांब. ड्रॅगन असल्यास तो दारूगोळ्यापासून आणखी लांब. हत्तीला रोज दीडशे किलो चारा लागतो. ड्रॅगनचा हिशेब ज्याने त्याने करावा, पण तो बैल खात असेल तर रसद दोन्हीकडून घटते हे ध्यानात ठेवावे.

३०/ नियमांची अडचण नाही. फिल बार्कर यांच्या 'डी बेलिस अँटिक्विटाटिस' (१९९०) या नियमावलीत प्रत्येक बाजूला बाराच तुकड्या असतात. तरीही छावणी मांडावी लागते, तिच्या रक्षणास बुणग्यांची तुकडी ठेवता येते, आणि छावणी पडली की ते नुकसान हारजितीत धरले जाते. त्यात आपली भर घाला: चौथ्या फेरीनंतर दर फेरीला एक तुकडी कहीला टेबलाच्या कडेपर्यंत पाठवलीच पाहिजे. न पाठवल्यास घोडदळाची चाल निम्मी. एवढ्या एका नियमाने परांडा, दोड्डेरी आणि पानिपत तिन्ही टेबलावर उतरतात.

३१/ गेल्या रविवारी आम्ही हे करून पाहिले. पुतण्याने अठ्ठेचाळीस बैल मांडले; दोन ओले होते म्हणून खिडकीत वाळत होते. समोर त्याची आतेबहीण, वनराज्याची राणी. तिने राक्षसांकडे ढुंकूनही पाहिले नाही. दुसऱ्या फेरीत डाव्या बगलेने हरणस्वार काढले आणि थेट बैलांवर घातले. पुतण्या ओरडला, "अगं, ते लढत नाहीत!" ती म्हणाली, "म्हणूनच." सहाव्या फेरीपर्यंत त्याचे लांडगे निम्म्या चालीने सरकत होते. आता त्याने पखालजींना धनुष्ये देता येतील का, असे विचारले आहे. नियमावली पाहून सांगतो म्हणालो आहे.